चाक, आस आणि टहरौलीचा रहाट

तरफ, कप्पी, उतरण, पाचर, मळसूत्र आणि चाक-आस ही सहा साधी यंत्रे आपण विज्ञानाच्या तासाला शिकतो. चाक-आस म्हणजे एकमेकांना पक्के जोडलेले, एकत्र फिरणारे मोठे चाक आणि लहान आस. चाकाला जोर लावला की आसावर त्याच्या काही पट बल मिळते. किती पट? चाकाची त्रिज्या आसाच्या त्रिज्येच्या जितकी पट, तितके.

विहिरीचे उदाहरण घेऊ. विहिरीवरच्या साध्या कप्पीलाही आपण रहाट म्हणतो; पण तिच्यामुळे फक्त ओढण्याची दिशा बदलते. १२ किलोची भरलेली बादली ओढायला सुमारे १२० न्यूटन बल लागतेच. कप्पीऐवजी १० सेंमी त्रिज्येचा आडवा ओंडका बसवून त्याला ४० सेंमी लांब हँडल लावले, तर घर्षण सोडून ३० न्यूटन पुरतात. मात्र पाणी १२ मीटर खोल असेल, तर हँडलचे सुमारे १९ फेरे होतात आणि हात ४८ मीटर फिरतो. बल पाव झाले, अंतर चौपट झाले. कार्य दोन्ही वेळा तेवढेच, १४४० ज्यूल.

माझी मावशी झाशी जिल्ह्यातील टहरौलीला राहते. सुट्टीत तिथे एका शेतात मी बैलांचा जुना लोखंडी रहाट पाहिला. बैल लांब दांड्याला जुंपून गोल फिरवत. दांड्याची लांबी ही चाकाची त्रिज्या आणि मधला खांब हा आस. खांबाचे आडवे दातेरी चाक उभ्या दातेरी चाकाला फिरवते. त्यामुळे विहिरीत सोडलेली डब्यांची माळ फिरते. एका बाजूने रिकामे डबे खाली जातात, दुसऱ्या बाजूने भरलेले वर येतात. हेच आपले रहाटगाडगे.

आता तिथे पंप आहे. शेताचे मालक असलेले आजोबा म्हणाले, "रहाट तोच, बैल तेच, पण जेठ महिन्यात लवकर थकायचे." ऊन हे एक कारण झाले. दुसरे कारण मी वहीत मांडून पाहिले. समजा, माळेवर दर अर्ध्या मीटरला एक डबा आहे. पाणी ६ मीटरवर असेल, तर एका वेळी १२ भरलेले डबे लटकतात. उन्हाळ्यात पाणी ९ मीटरवर गेले, की माळ लांबवावी लागते आणि १८ डबे लटकतात. दांडा आणि चाके तीच राहतात. म्हणजे बैलांना दीडपट जोर लावावा लागतो, आणि पाणी मात्र पूर्वीइतकेच मिळते.

बुंदेलखंडात जमिनीखाली कठीण ग्रॅनाइट आहे. पाणी मुख्यतः त्यावरच्या झिजलेल्या थरात साठते, म्हणून पाऊस कमी झाला की विहिरी लवकर खाली जातात. लष्करी तळामुळे आपल्याला माहीत असलेल्या बबीनाजवळ, परासई-सिंध पाणलोट क्षेत्रात २०११ पासून पाणी अडवण्याची कामे झाली. तिथल्या विहिरींची पातळी वर आली. पातळी ९ मीटरवरून ६ मीटरवर आली, तर प्रत्येक डब्यामागे एक तृतीयांश कार्य वाचते.

दांडा कितीही लांब केला, तरी ही बचत होत नाही. चाक-आस आपला जोर वाचवतो. कार्य वाचवायचे, तर पाणीच वर आणावे लागते.