मोटारीतील दोषसंकेत : एअरबॅग आणि स्थैर्यनियंत्रण

मोटार सुरू करताना चालकासमोरील फलकावरचे इशारादर्शक दिवे काही क्षण लागतात व विझतात. त्यांपैकी घसरणाऱ्या मोटारीचे चित्र असलेला, म्हणजेच स्थैर्यनियंत्रणाचा, दिवा तसाच जळत राहिला, तर वाहनमालक साहजिकच ब्रेकची तपासणी करवून घेतो. चाकांजवळचे सेन्सर बदलले जातात, क्वचित ब्रेकची महागडी नियंत्रक पेटीही बदलली जाते. दिवा मात्र विझत नाही. अशा वेळी दोष ब्रेकच्या यंत्रणेत नसून एअरबॅगच्या पेटीत असू शकतो. सकृद्दर्शनी हे चमत्कारिक वाटेल, परंतु त्याचे कारण अगदी सरळ आहे.

स्थैर्यनियंत्रण यंत्रणा १९९५ साली प्रथम मर्सिडीज-बेंझच्या मोटारीत बॉश कंपनीच्या सहकार्याने बसविण्यात आली. चालकाने स्टेअरिंग किती वळविले आणि मोटार प्रत्यक्षात किती वळत आहे, यांची ती सतत तुलना करते. दोहोंत तफावत आढळल्यास नेमक्या एखाद्या चाकास ब्रेक लावून ती मोटार मार्गावर आणते. याकरिता मोटारीच्या वळण्याचा वेग व बाजूकडील ओढ मोजणारा सेन्सर लागतो आणि तो वाहनाच्या मध्याजवळ, पक्क्या बैठकीवर असावा लागतो. एअरबॅगची पेटीही धक्क्याची जाणीव अचूक व्हावी म्हणून बहुधा तेथेच, गिअरच्या दांड्याजवळ तळाशी, बसविलेली असते. मग दोन पेट्या कशाला? अलीकडील अनेक मोटारींत हा सेन्सर एअरबॅगच्याच पेटीत घालण्यात येतो. खर्च वाचतो हे खरे. पण निदान अवघड होते, हेही तितकेच खरे.

पेटीतील मोजमापे स्थैर्यनियंत्रणाकडे पोहोचतात ती कॅन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून. ही पद्धत बॉशने १९८६ मध्ये जाहीर केली. या तारांवर मोटारीतील अनेक नियंत्रक पेट्या परस्परांशी बोलत असतात. एअरबॅगची पेटी मूक झाली, की स्थैर्यनियंत्रणास मोटार कशी वळत आहे हे कळेनासे होते आणि ते स्वतःस बंद करून घेते.

स्कॅनरवर दिसणाऱ्या संकेताचे आद्याक्षर येथे महत्त्वाचे ठरते. ‘बी’ने आरंभ होणारे संकेत मोटारीच्या अंगातील साधनांचे असतात व एअरबॅगही त्यांत येते. ‘सी’चे संकेत ब्रेक, स्टेअरिंग इत्यादींचे, तर ‘यू’चे पेट्यांमधील संदेशवहनाचे. ‘यू ०१५१’ म्हणजे एअरबॅगच्या पेटीशी संपर्क तुटला. ‘यू ०४५२’ म्हणजे संपर्क आहे, पण तिच्याकडून आलेली माहिती अग्राह्य आहे. ‘यू ०१२१’ हा संकेत ब्रेकच्या पेटीशी संपर्क तुटल्याचे सांगतो. हे संकेत तक्रार करणाऱ्या पेटीत साठतात, ज्या पेटीविषयी तक्रार आहे तिच्यात नव्हे. नेमका येथेच घोटाळा होतो. स्थैर्यनियंत्रणाच्या पेटीत संकेत सापडला म्हणून तीच बिघडली, असा निष्कर्ष काढणे म्हणजे फिर्यादीलाच आरोपी ठरविण्यासारखे आहे.

म्हणून प्रथम सर्व पेट्यांतील संकेत वाचून लिहून घ्यावेत. पुसण्याची घाई करू नये. एअरबॅगविषयी सर्वच पेट्या तक्रार करीत असतील आणि ती स्वतः स्कॅनरला उत्तर देत नसेल, तर तिचा फ्यूज, वीजपुरवठा, अर्थ व जोडणी तपासावी. ती उत्तर देत असेल व माहिती अग्राह्य असल्याची तक्रार असेल, तर तिच्यातच कोणता ‘बी’ संकेत साठला आहे, ते आधी पाहावे. सर्वच पेट्या एकमेकींबद्दल तक्रारी करू लागल्या, तर बहुधा बॅटरी क्षीण झालेली असते किंवा कॅनच्या तारांत दोष असतो. अनेक मोटारींत या तारांच्या दोन्ही टोकांस १२० ओहमचा एकेक रोधक असतो. बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजल्यास सुमारे ६० ओहम यावेत. १२० आले, तर एक टोक तुटलेले आहे असे समजावे.

गोवा व कोकणासारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात आणखी एक शक्यता विसरता येत नाही. दाराच्या रबरातून किंवा वातानुकूलन यंत्राच्या तुंबलेल्या नळीतून आलेले पाणी गालिच्याखाली साचते आणि आसनाखालच्या व पेटीजवळच्या जोडण्यांस गंज चढतो. गालिचा वरून कोरडा दिसला, तरी तो उचलून पाहण्यास पाच मिनिटे लागतात आणि त्यात हजारो रुपये वाचू शकतात.

एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांस मात्र हात लावण्यापूर्वी बॅटरी सोडवून निर्मात्याच्या पुस्तिकेत दिलेला अवधी थांबणे अत्यावश्यक आहे. पेटीतील साठवलेली वीज लगेच ओसरत नाही. एअरबॅग पेटविणाऱ्या स्फोटकावर साधा मीटर कधीही लावू नये. हे काम प्रशिक्षित कारागिराचेच होय.

दुरुस्ती लांबणीवर टाकावी काय, असा प्रश्न वाहनमालक विचारतात. केवळ स्थैर्यनियंत्रण बंद पडले असता साधा ब्रेक चालू राहतो; ओल्या वळणावर मोटार सावरणारी मदत तेवढी नसते. एअरबॅगचा दिवा जळत असल्यास अपघातात पिशवी न फुगण्याचा संभव असतो. १ जुलै २०१९ पासून भारतात नव्या मोटारींत चालकाच्या बाजूची एअरबॅग बंधनकारक झाल्याने हा प्रश्न लहान मोटारींच्या मालकांपुढेही उभा राहू लागला आहे. दोन्ही दिवे एकत्र जळत असतील, तर विलंब करू नये.

पेटी बदलावीच लागली, तर ती त्या मोटारीच्या प्रकाराप्रमाणे स्कॅनरने जुळवून घ्यावी लागते. त्यानंतर मोटार सपाट जागी उभी करून, चाके सरळ ठेवून सेन्सरचे शून्य निश्चित करतात. ही शेवटची पायरी गाळली गेल्यास नवी कोरी पेटीही चुकीची माहिती देते आणि तोच दिवा पुन्हा लागतो.