एका ताऱ्याचं मत नेमकं कशाबद्दल असतं?

पीएचडीची तयारी करणाऱ्या मुलामुलींशी बोलताना एक वाक्य हमखास कानावर येतं, "मला ऑनलाइन रिव्ह्यूंवर काम करायचंय, डेटा आयता मिळतो." चार वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हटलं होतं. डेटा आयता मिळाला हे खरं. पण पहिल्याच प्रगती-सादरीकरणात माझं काम एका साध्या प्रश्नावर अडलं. तो प्रश्न मी आधीच स्वतःला विचारला असता, तर माझे सहा-सात महिने वाचले असते. तुमचे वाचावेत म्हणून ही पोस्ट.

माझा विषय होता कथा असलेल्या कोड्यांच्या गेमबद्दल खेळणाऱ्यांची मतं. नमुना म्हणून मी 'मॉन्युमेंट व्हॅली' घेतला होता. कारण सोपं आहे. हा गेम खूप लोकांनी खेळलाय, त्यावर खूप लिहिलं गेलंय आणि तो बनवणाऱ्यांनी स्वतःचे बरेच आकडे जाहीर केलेत.

आधी गेम काय आहे ते

लंडनच्या 'असटू' कंपनीने एप्रिल २०१४ मध्ये तो आयफोन-आयपॅडवर आणला आणि मे महिन्यात अँड्रॉइडवर. मुख्य डिझायनर केन वाँग. आयडा नावाची एक छोटी राजकन्या ओसाड पडलेल्या मनोऱ्यांमधून चालत जाते. वाटेत कावळ्यांसारखी माणसं आडवी येतात, एक ठोकळ्याठोकळ्यांचा खांब तिचा सोबती होतो. संवाद जवळजवळ नाहीतच. तिने पूर्वी काहीतरी नेलंय आणि ते परत करायला ती निघालीय, एवढं हळूहळू कळतं. सगळं स्वप्नात चालल्यासारखं.

कोड्यांची गंमत भूमितीत आहे. चित्रात लांबची वस्तू लहान आणि जवळची मोठी काढली की आपल्याला खोली कळते. या गेममध्ये ते मुद्दाम टाळलंय. त्यामुळे दोन भिंती प्रत्यक्षात कितीही लांब असोत, पडद्यावर त्यांच्या कडा जुळल्या की त्या जोडलेल्याच मानायच्या. आपण एक दांडा फिरवतो, मनोरा वळतो, कडा जुळतात आणि आयडा पलीकडे जाते. पेनरोज बापलेकांनी १९५८ मध्ये मांडलेला 'अशक्य त्रिकोण' आणि एशर या डच चित्रकाराचं १९६१ मधलं धबधब्याचं चित्र पाहिलं असेल, तर हा खेळ लगेच ओळखीचा वाटेल. मूळ गेममध्ये दहा प्रकरणं होती. कोडी फार अवघड नाहीत, दीड-दोन तासांत संपतो. पुढच्या वर्षी त्याला बाफ्टाचे दोन पुरस्कार मिळाले.

तारे घसरले, गेम तोच होता

नोव्हेंबर २०१४ मध्ये कंपनीने 'फरगॉटन शोअर्स' नावाची आठ नवी प्रकरणं आणली. त्यांची किंमत होती १.९९ डॉलर. लगेच एक तारा देणाऱ्या रिव्ह्यूंची रांग लागली. तक्रार एकच, आम्ही एकदा पैसे दिलेत, आता पुन्हा का? कंपनीने ट्विटरवर याबद्दल खंतही व्यक्त केली.

आता माझी चूक बघा. मी सगळे रिव्ह्यू एकत्र केले, ताऱ्यांची महिनावार सरासरी काढली आणि आलेखावर एक खड्डा दाखवला. वर शीर्षक दिलं, 'खेळणाऱ्यांच्या समाधानात घट'. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी आलेख शांतपणे पाहिला आणि विचारलं, "यातलं मत गेमबद्दलचं किती, आणि बिलाबद्दलचं किती?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदल्या दिवशीचा आणि त्या दिवशीचा आयडाचा प्रवास सारखाच होता. घसरली होती ती किमतीबद्दलची मतं, आणि ती मोजायला मी काहीच केलं नव्हतं.

हा मुद्दा खरं तर मला घरातच कळायला हवा होता. मी कर्जत तालुक्यातली. आमच्या गावापासून जवळ कोकण कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे. कर्जत-३, कर्जत-१८४ ही भाताच्या वाणांची नावं तिथूनच आलेली. वाण 'चांगलं' आहे का, असं नुसतं विचारलं तर बाबा उताऱ्याबद्दल बोलतील, आई भात मऊ शिजतो की चिकट होतो ते सांगेल, आणि रस्त्याकडेचा खानावळवाला दाणा मोकळा राहतो का ते. तिघांनी पाचपैकी चार गुण दिले तरी ती तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. त्यांची सरासरी काढून काय मिळणार?

म्हणून पहिली सवय ही लावा. प्रत्येक रिव्ह्यू वाचताना तारे झाकून ठेवा आणि बाजूला लिहा, 'हे मत कशाबद्दल आहे?' कोडी, कथा, चित्रं-संगीत, लांबी, किंमत, फोनवर नीट चालणं, की बनवणाऱ्यांबद्दलचं प्रेम किंवा राग. आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'चा २०२० मधला 'राजी'. तो कोड्यांपेक्षा मारामारीचा गेम आहे, पण प्रश्न तोच. पाच तारे लढाईला दिलेत, पहाडी लघुचित्रांसारख्या चित्रशैलीला दिलेत, की पुण्यातल्या टीमने जगाच्या बाजारात गेम नेला याच्या अभिमानाला? तिन्ही मतं खरी आहेत. फक्त ती तीन वेगळ्या रकान्यांत जायला हवीत.

ज्यांनी लिहिलंच नाही त्यांचं काय?

पुढची अडचण आणखी मोठी. ताऱ्यांचा आलेख काढलात तर तो बहुधा इंग्रजी 'जे' अक्षरासारखा दिसेल. पाच ताऱ्यांचा उंच खांब, एक ताऱ्याचा त्याहून लहान, आणि मधे खळगा. हू, पावलू आणि झांग या तिघांनी २००९ मध्ये याची दोन कारणं मांडली. एक, वस्तू विकत घेतात तेच मुळात ती आवडण्याची शक्यता असलेले लोक. दोन, लिहितात ते फार खूश किंवा फार चिडलेले. 'ठीक होता' म्हणणारा माणूस फोन खिशात टाकून कामाला लागतो.

हे मी वाचलं होतं, टिपणंही काढली होती. पण खरं समजलं ते कर्जत-खोपोली लोकलमध्ये.

माझा मामेभाऊ खालापूर तालुक्यात राहतो आणि खोपोलीत काम करतो. एकदा कर्जतहून त्याच्याबरोबर मामाकडे निघाले होते. पळसदरी गेल्यावर मी सहज विचारलं, "मॉन्युमेंट व्हॅली माहितीये का रे?" तो म्हणाला, "ती टोपीवाली पोरगी ना ताई? ती उलटी चालते तिथे मी फोनच उलटा धरून बघितला होता." मग केळवलीपासून लौजीपर्यंत तो बोलतच होता. शेवट त्याला कळला नव्हता, पण त्या खांबाला मागे सोडावं लागतं तेव्हा वाईट वाटलं होतं. माझ्या हजारो रिव्ह्यूंमध्ये कथेबद्दल इतकं नेमकं बोलणारे मोजकेच असतील.

मी विचारलं, "मग रिव्ह्यू का नाही टाकलास?"

"मामीच्या, म्हणजे तुझ्या मामीच्या, आईच्या फोनवर खेळलो. मित्राने फाइल पाठवलेली. त्याला पैसे भरायचे असतात?"

आता मोजा. प्ले स्टोअरवरून गेम घेतलाच नाही, त्यामुळे तिथे रिव्ह्यू लिहिता येणार नाही. फोन आईचा, म्हणजे खातंही तिचं. आणि समजा त्याने लिहिलं असतं, तर लिहिलं असतं मराठीत, पण रोमन अक्षरांत, व्हॉट्सॲपवर लिहितो तसं. माझ्या प्रोग्रामची तिसरीच ओळ होती, 'इंग्रजी नसलेली मतं काढून टाका'. भाषा ओळखणारी तयार साधनं अशा दोन-चार शब्दांच्या रोमन मराठीपुढे गोंधळतात आणि भलत्याच भाषेचं लेबल लावतात. म्हणजे पहिल्या दोन चाळण्यांतून तो कसाबसा वाचला असता, तरी तिसरीत मीच त्याला उडवलं असतं. माझ्याच घरातला माणूस, माझ्याच भाषेत बोलणारा. त्या संध्याकाळी मी ती ओळ काढली आणि गाळलेली मतं हाताने वाचायला घेतली. वेळखाऊ काम आहे, पण किमान काय गाळतोय हे तरी कळतं.

फुकट फाइलवरून आठवलं. जानेवारी २०१५ मध्ये 'असटू'ने सांगितलं की अँड्रॉइडवर बसवलेल्या गेमपैकी फक्त ५ टक्के विकत घेतलेले आहेत, आयफोन-आयपॅडवर ४० टक्के. तोवर विक्री २४ लाखांच्या पुढे गेली होती. बातम्यांमधून लगेच '९५ टक्के चोर' असा सूर निघाला. पण भागाकारात खाली काय आहे ते बघा. तिथे माणसं नाहीत, गेम बसवलेली उपकरणं आहेत. एकाने एकदा पैसे देऊन फोनवर आणि टॅबवर टाकला तर खरेदी एक, उपकरणं दोन. कंपनीनेही हा खुलासा केला होता. चोरी झाली नाही असं मी म्हणत नाही, मामेभाऊ साक्षीला आहे. पण ९५ टक्के हा चोरीचा आकडा नाही. कोणतीही टक्केवारी पाहिली की छेद कशाचा आहे ते आधी विचारा.

'लवकर संपतो' ही तक्रार की कौतुक?

या गेमवरच्या मतांत वारंवार येणारी गोष्ट म्हणजे लांबी. 'लवकर संपतो.' मी हे सरसकट 'तक्रार' या रकान्यात टाकत होते. माझ्याबरोबर मतं तपासणारी मैत्रीण त्यातली निम्मी 'कौतुक' मध्ये टाकत होती. तिचं म्हणणं, एखादा सिनेमा आवडला की आपण म्हणतोच ना, कधी संपला कळलंच नाही! पुन्हा वाचलं तर बऱ्याच ठिकाणी तिचं बरोबर होतं.

म्हणून अशा कामात किमान दोघांनी, एकमेकांचं न बघता, वर्गीकरण करायचं असतं. मग दोघांचं किती जुळतं ते काढायचं. इथे नुसती टक्केवारी फसवते. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा १०० मतं आहेत. दोघींनीही ३०-३० मतांना 'तक्रार' म्हटलं आणि एकूण ८० ठिकाणी दोघींचं जुळलं. ८० टक्के, छान वाटतं. पण दोघींनी डोळे मिटून याच प्रमाणात शिक्के मारले असते तर किती जुळलं असतं? दोघी 'तक्रार' म्हणतील ती शक्यता ०.३ × ०.३ = ०.०९. दोघी 'तक्रार नाही' म्हणतील ती ०.७ × ०.७ = ०.४९. बेरीज ०.५८. म्हणजे ५८ टक्के तर नुसत्या योगायोगानेच जुळलं असतं!

जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये सुचवलेला 'कप्पा' हा योगायोग वजा करतो. (०.८० – ०.५८) भागिले (१ – ०.५८), म्हणजे ०.२२ भागिले ०.४२, साधारण ०.५२. ऐंशी टक्क्यांचा रुबाब बावन्नवर आला. अशा वेळी कप्पा वाढवण्यासाठी एकमेकींची उत्तरं बदलत बसायचं नाही. जिथे जुळलं नाही ती वीस मतं काढायची, शेजारी बसून वाचायची आणि नियम सुधारायचे. आम्ही 'लांबी' हा रकाना वेगळा केला आणि त्यात 'आणखी हवं होतं' आणि 'पैसे वसूल झाले नाहीत' असे दोन उपरकाने केले. मग नव्या मतांवर पुन्हा वेगवेगळं काम केलं. न जुळलेल्या मतांनीच आम्हाला सगळ्यात जास्त शिकवलं.

सुरुवात करण्याआधी

तुम्हाला असं काम करायचं असेल तर एवढं करून बघा. आवडीचा कोणताही गेम घ्या. त्याची तीस मतं निवडा, पण सगळी वरची नकोत. नवी, जुनी, मधली अशी घ्या. तारीख लिहा आणि त्या सुमारास गेममध्ये किंवा किमतीत काय बदललं ते शोधा. तारे झाका. 'कशाबद्दल' हा रकाना भरा. मग मित्राला वेगळं करायला सांगा आणि कप्पा काढा. शेवटी एका कागदावर लिहा, या तिसांत कोण कोण येऊच शकत नाही. हा कागद जपून ठेवा, प्रबंधात 'मर्यादा' विभाग लिहिताना तो उपयोगी पडेल.

आणि एक, रिव्ह्यू सार्वजनिक असला तरी तो एका माणसाने लिहिलेला असतो. टोपणनाव उतरवू नका. वाक्य जसंच्या तसं छापलं तर शोधून माणूस सापडू शकतो, म्हणून आशय आपल्या शब्दांत मांडा. संस्थेच्या नीतिसमितीला आधीच विचारा, डेटा गोळा झाल्यावर नाही.

माझा प्रबंध अजून चालू आहे. नव्या आराखड्यात रिव्ह्यूंच्या जोडीला मुलाखती आहेत, ज्यांनी कधीच काही लिहिलं नाही अशांच्या. मामेभावाला घेता येणार नाही, नात्यातला पडतो. त्याला म्हटलं, "तू माझ्या 'मर्यादा' विभागात आहेस." तो म्हणाला, "म्हणजे चांगलं का वाईट?"

तुमच्या तीस मतांचा कप्पा किती आला ते कमेंटमध्ये कळवा. ०.३ आला तरी कळवा, आमचा पहिला त्याच्या आसपासच होता.