हापूसचा गंध

न्यायशास्त्र गंध हा पृथ्वीचा गुण मानतें. रसायनशास्त्र त्या गंधाचे घटक वेगळे करून दाखवितें. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंतील शास्त्रज्ञांनीं हापूसच्या वासाचें असें पृथक्करण २००९ सालीं प्रसिद्ध केलें. कैरीपासून पिकेपर्यंत त्यांत ओसिमीन प्रमुख असतें. हें नांव तुळशीच्या ‘ओसिमम’ ह्या लॅटिन नांवावरून आलेलें! परंतु लॅक्टोन व फ्युरॅनोन हीं मधुर वासाचीं द्रव्यें फळ अढींत पिकूं लागल्यावरच प्रकट होतात. म्हणूनच पनवेलच्या बाजारांत केवळ रंग पाहून पेटी उचलणें बरें नव्हे. कायद्यानें निषिद्ध असलेल्या कार्बाइडनें कोंवळ्या फळाचीही साल पिवळी होते, गंध मात्र भरत नाहीं. फळ देंठापाशीं हुंगूनच घ्यावें.