पाणबुड्याचें घड्याळ आणि त्याची किंमत

गेल्या मार्गशीर्षांत माझा भाचा अलिबागेस आमच्या घरीं चार दिवस राहावयास आला होता. शिक्षण संपवून तो नोकरीस लागला त्याला आतां दोन वर्षें झालीं. पुढच्या सुटींत तारकर्लीस जाऊन पाण्याखालीं उतरण्याचें रीतसर शिक्षण घ्यावें, असा त्याचा बेत आहे. आणि त्यासाठीं म्हणून त्यानें पाणबुड्यांचें एक प्रसिद्ध स्विस घड्याळ हेरून ठेविलें होतें. किंमत ऐकतांच त्याच्या मामीच्या हातांतील अडकित्ता तसाच थांबला. दोन वर्षांच्या शिलकेंतील जवळजवळ सर्व रक्कम त्या एका मनगटावर जाणार होती. "मामा, हें घड्याळ तीनशें मीटर खोल पाण्यांत टिकतें. जिवाचा प्रश्न असतांना पैशाकडे काय पाहावयाचें?" असें तो मला म्हणाला.

त्याचें म्हणणें वरवर पाहतां रास्त होतें. जिवाच्या रक्षणाला पैसा लागत असेल तर तो वांचवूं नये, हें कोणीही मान्य करील. परंतु तो पैसा खरोखरीच जिवाच्या रक्षणास लागतो कीं दुसऱ्या कशाला, हें आधीं पाहावयास हवें. तोच हिशेब आज मी आपणांपुढें मांडणार आहें.

पाण्याखालीं उतरणाऱ्या मनुष्याला घड्याळ कशाला हवें, येथून आरंभ करूं. समुद्रांत दर दहा मीटर खालीं गेलें कीं दाब सुमारें एका वातावरणानें वाढतो. पृष्ठभागावर तो एक वातावरण असतो, तो ३० मीटरांवर चार होतो. पाणबुड्याला त्याच दाबाची हवा श्वासांत घ्यावी लागते. म्हणून वर तासभर पुरेल एवढी टाकी तेथें जेमतेम पाव तास पुरते. दुसरी गोष्ट याहूनही गंभीर आहे. दाबाखालीं घेतलेल्या हवेंतील नत्रवायु रक्तांत व पेशींत विरघळत जातो. मनुष्य हळूहळू वर आला तर तो श्वासावाटें निघून जातो. एकदम वर आला तर, सोड्याच्या बाटलीचें बूच काढतांच जसे बुडबुडे उसळतात, तसे ते शरीरांत उत्पन्न होतात. त्यापासून सांध्यांत असह्य वेदना होतात, पक्षाघात होतो, प्रसंगीं प्राणही जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनीं १९०८ सालीं यासंबंधीचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, आणि तेव्हांपासून किती खोलीवर किती वेळ राहावें हें गणितानें ठरूं लागलें. अमेरिकन आरमाराच्या कोष्टकांप्रमाणें मध्यंतरीं न थांबतां वर यावयाचें असेल तर ६० फुटांवर सुमारें तासभर राहतां येतें. १०० फुटांवर मात्र सुमारें २५ मिनिटेंच. याचा अर्थ असा कीं पाण्याखालीं मिनिटांचा हिशेब चुकणें म्हणजे आयुष्याचा हिशेब चुकणें होय.

हा हिशेब ठेवण्यासाठीं या घड्याळाच्या तबकडीभोंवतीं एक फिरतें कडें बसविलेलें असतें. पाण्यांत शिरतेवेळीं त्या कड्यावरील खूण मिनिटकाट्यासमोर आणावयाची. पुढें काटा कड्यावरील ज्या आंकड्यासमोर दिसेल तितकीं मिनिटें झालीं, असें समजावयाचें. हें कडें एकाच दिशेनें, म्हणजे डावीकडे, फिरतें. दगडाला किंवा दोरीला लागून तें चुकून सरकलेंच, तर झालेला वेळ आहे त्याहून अधिक दिसतो. कमी कधींच दिसत नाहीं. पाणबुड्या लवकर वर येईल, उशिरां येणार नाहीं. या घड्याळांतील खरी बुद्धीची करामत हीच, आणि ती स्वस्त घड्याळांतही जशीच्या तशी असते.

या घड्याळाचा पूर्वेतिहास थोडक्यांत सांगतों. रोलेक्स कंपनीनें पाणी न शिरणारें आपलें 'ऑयस्टर' घड्याळ १९२६ सालीं काढलें आणि पुढच्याच वर्षीं मर्सिडीझ ग्लाइट्झ या तरुणीनें तें गळ्यांत बांधून इंग्लिश खाडीच्या थंड पाण्यांत कित्येक तास पोहून दाखविलें. फिरत्या कड्याचें आधुनिक पाणबुडी घड्याळ १९५३ सालचें. ब्लाँपँ कंपनीचें 'फिफ्टी फॅदम्स' आणि रोलेक्सचें 'सबमरीनर' हीं दोन्ही त्याच वर्षाचीं अपत्यें. मुंबईच्या जुन्या घरांत ज्या कंपनीचें एखादें घड्याळ अजून कपाटांत निघतें, त्या फेव्हर-ल्यूबानें १९६८ सालीं पाण्याची खोलीही कांट्यानें दाखविणारें 'बॅथी' नांवाचें घड्याळ काढलें. त्या काळीं मनगटावरचें घड्याळ हें पाणबुड्याचें जीवनसाधन होतें, आणि त्यासाठीं मोजलेली किंमत सार्थकीं लागत होती, यांत शंका नाहीं.

परंतु १९८३ सालीं 'एज' नांवाचें एक गणकयंत्र बाजारांत आलें आणि सगळें चित्र पालटलें. असें यंत्र खोली व वेळ स्वतः मोजतें, शरीरांत किती नत्रवायु सांठला असेल याचें गणित क्षणोक्षणीं करतें, आणि आतां वर चला असें सांगतें. आज हौशी पाणबुडे सर्रास याच यंत्रावर विसंबतात. घड्याळ बांधलेंच तर तें दुसरा साक्षीदार म्हणून. मुख्य साक्षीदार तें राहिलेलें नाहीं.

आतां तबकडीवरील आंकड्यांकडे वळूं. '३० मीटर' असें लिहिलेलें घड्याळ घालून ३० मीटर खोल जावें, असा त्याचा अर्थ नव्हे. तो आंकडा प्रयोगशाळेंतील दाबाचा आहे. नव्या घड्याळानें, स्थिर पाण्यांत, थोडा वेळ सोसलेल्या दाबाचा. हात जोरानें मारल्यास दाब कितीतरी पटींनीं वाढतो आणि त्यामुळें पाणी शिरतें, अशी एक समजूत प्रचलित आहे. तिच्यांत फारसें तथ्य नाहीं. सेकंदास पांच मीटर वेगानें हात फिरविला तरी वाढणारा दाब सव्वा मीटर पाण्याहून फारसा अधिक भरत नाहीं. पाणी शिरतें तें निराळ्याच कारणानें. घड्याळाच्या पाठीमागें, कांचेखालीं आणि किल्लीच्या दांड्याभोंवतीं बारीक रबरी कडीं असतात. पाण्याला अडवितात तीं हीं कडीं. घामानें, उन्हानें आणि मिठानें रबर कडक होतें, त्याला चिरा पडतात, आणि मग तबकडीवर कितीही मोठा आंकडा असला तरी तो कामास येत नाहीं.

माझें स्वतःचें उदाहरण देतों. माझें एक बऱ्यापैकीं किंमतीचें घड्याळ, तबकडीवर १०० मीटर लिहिलेलें, नागांवच्या किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यांत गेलें. आदल्या रात्रीं तारीख लावून किल्ली आंत दाबावयाची मीच विसरलों होतों. त्यांत घड्याळाचा दोष कांहीं नव्हता, आणि दुप्पट किंमतीचें असतें तरी तें वांचलें नसतें.

पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्याचा क्रमांक ६४२५. तें १९८२ सालीं ठरलें आणि पुढें १९९६ व २०१८ सालीं सुधारलें गेलें. त्याप्रमाणें घड्याळ निदान १०० मीटरांचें असावें, लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाब त्यानें सोसावा, मिठाच्या पाण्यांत तें चोवीस तास राहावें, उन्हाळ्याच्या उष्णतेंतून एकदम बर्फासारख्या थंड पाण्यांत घातलें तरी आंत दंव धरूं नये, आणि काळोखांत पाऊण फुटावरून त्यावरची वेळ वाचतां यावी. आजच्या बाजारांत या प्रमाणाचें घड्याळ पंचवीस-तीस हजार रुपयांस मिळूं शकतें. प्रमाणाचा शिक्का नसलेलें पण २०० मीटरांचें, फिरत्या कड्याचें घड्याळ पांच ते दहा हजारांतही मिळतें. लाखांच्या घड्याळाला याहून निराळी परीक्षा द्यावी लागत नाहीं. समुद्र दोघांनाही सारख्याच दाबानें दाबतो.

मग उरलेले लाख रुपये जातात कोठें? त्यांतून कांहींच मिळत नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. कांच नीलमण्याच्या जातीची असते. काठिन्याच्या मापांत ती नऊ, आणि आपल्या किनाऱ्यावरील वाळूंतील गारेचे कण सात. वाळूनें साधी कांच ओरखडते, ही ओरखडत नाहीं. हा लाभ खरा आहे. मात्र अशी कांच आतां मध्यम किंमतीच्या घड्याळांतही येऊं लागली आहे. पोलाद अधिक चांगलें, घडण अधिक सुबक, आंतील यंत्र हातानें निगुतीनें जुळविलेलें. परंतु एक गोष्ट ग्राहकाला सहसा सांगितली जात नाहीं. स्प्रिंगेवर चालणारें उत्तम प्रमाणित यंत्र दिवसाकाठीं चार सेकंद मागें किंवा सहा सेकंद पुढें जाण्यास मोकळें असतें, आणि सेलवर चालणारें साधें क्वार्ट्झ घड्याळ महिन्याकाठीं पंधरा-वीस सेकंदच चुकतें. म्हणजे वेळ दाखविण्याच्या कामांत स्वस्त घड्याळच सरस ठरतें. शिवाय महाग घड्याळाची दर कांहीं वर्षांनीं साफसफाई करावी लागते, आणि तिच्या एका खेपेंत साधें नवें घड्याळ येतें.

हेलियम वायु बाहेर सोडणारी झडप हेंही अशा घड्याळांचें एक भूषण समजलें जातें. ती कोणाला लागते, हें सांगण्यासाठीं आपल्या जिल्ह्यांतील उरणचेंच उदाहरण घेतों. १९७४ सालीं सांपडलेल्या मुंबई हायच्या तेलक्षेत्रांतून नळ येतात ते उरणला. तेथें समुद्र सुमारें ७५ मीटर खोल आहे. इतक्या खोलीवर दीर्घकाळ काम करणारे पाणबुडे दिवसचे दिवस हेलियममिश्रित हवेच्या दाबकोठींत राहतात. तो सूक्ष्म वायु घड्याळांत शिरतो आणि दाब उतरतांना कांच उडवूं शकतो. झडप आहे ती यासाठीं. पण त्या कामगारांचीही वेळ जहाजावरील अधिकारी मोजतो आणि तारेवरून त्यांना सांगतो. मग तारकर्लीस दहा-बारा मीटर उतरणाऱ्या हौशी मनुष्यास त्या झडपेचा उपयोग काय?

आणि आपला रायगडचा किनारा? रेवदंड्याला कुंडलिकेची, मुरूडजवळ राजपुरीची, उत्तरेस धरमतरची अशा खाड्यांचा गाळ येथें येतो. पाणी गढूळ आणि उथळ. दहा मीटर खोली गांठावयास किनारा बराच मागें टाकावा लागतो. येथें जिवाला धोका आहे तो खोलीचा नव्हे, भरतीचा.

त्याचा अनुभव भाच्याला त्याच मुक्कामांत आला. विनायकी चतुर्थी होती. आम्हीं ओहोटीला वाळूवरून चालत कुलाबा किल्ल्यांतील गणपतीच्या दर्शनास गेलों. मित्राकडून पारखण्यासाठीं मागून आणलेलें तें महाग घड्याळ त्याच्या हातांत होतें. दर्शन झालें, तट पाहून झाले, आणि गप्पांच्या ओघांत मलाही भान राहिलें नाहीं. इतक्यांत एक वृद्ध कोळी तटाखालून ओरडला, "भाऊ, पाणी चढतंय, निघा आतां!" भाच्यानें घड्याळ पाहिलें : अकरा वाजून वीस मिनिटें. वेळ बिनचूक होती. परंतु त्या वेळेचा अर्थ आम्हां दोघांपैकीं एकानेंही लाविला नव्हता. मधल्या सखल भागांत पाणी मांडीपर्यंत आलें, आणि माझा हात धरून तो कोळी आम्हांस पलीकडे घेऊन आला. त्याच्याही मनगटावर घड्याळ होतें. प्लॅस्टिकचें, पट्टा दोऱ्यानें बांधलेलें.

काठावर आल्यावर त्यानें भाच्याला किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली कीं पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, पौर्णिमेस सव्वाअकरा वाजतां. त्याच्या सहा तास आधीं आणि सहा तास नंतर ओहोटी. हें मान स्थूल आहे, आणि छापील कोष्टक अधिक नेमकें असतें. तथापि त्या दिवशीं सकाळीं पावणेनवाच्या सुमारास ओहोटी संपून पाणी परत फिरलें होतें, हें आम्हांला घरूनच कळावयास हवें होतें. त्याला एक पैसाही पडला नसता.

तेव्हां श्रोतेहो, माझा निर्णय असा. पाण्याखालीं उतरणार असाल तर प्रथम चांगलें शिक्षण घ्या, मग गणकयंत्र घ्या, आणि जोडीला प्रमाणित असें मध्यम किंमतीचें घड्याळ. समुद्रांतून आल्यावर तें गोड्या पाण्यानें धुवा, वर्षांतून एकदां दाबाची तपासणी करून घ्या, कडक झालेलीं रबरी कडीं बदला आणि किल्ली घट्ट बसली आहे ना हें पाहिल्यावांचून पाण्यांत पाय घालूं नका. लाखांचें घड्याळ घ्यावयाचेंच असेल तर खुशाल घ्या; सुंदर यंत्राची आवड असणें हा गुन्हा नव्हे, आणि तें मुलानातवंडांच्या हातांत जाईल हाही आनंद खरा आहे. परंतु तो दागिना आहे हें मनाशीं कबूल करून घ्या, आणि दागिन्याला आपण जितका पैसा काढूं तितकाच काढा. जिवाच्या नांवावर त्याचा खर्च मांडूं नका.

भाच्यानें मित्राचें घड्याळ पुसून परत केलें. शिलकेंतून त्यानें तारकर्लीच्या शिक्षणाचे पैसे भरले, एक गणकयंत्र आणि एक साधें घड्याळ घेतलें. बाकीची रक्कम पेढींत आहे. जातांना मामीकडून मात्र त्यानें एक वस्तु मागून नेली, ती म्हणजे यंदाचें पंचांग.