वाघ्याला व्हिसा लागत नाही, पण...

ऑनसाइटचं लेटर हातात पडलं की आधी ऑफिसात पेढे, मग शॉपिंगची यादी. प्रेशर कुकर, लोणच्याच्या बरण्या, थर्मल्स... सगळं ठरतं. आणि मग कुणीतरी विचारतं, 'अरे, कुत्र्याचं काय?'

हा प्रश्न आता फक्त बांद्रा-पवईचा राहिलेला नाही. आसनगावहून रोज लोकल पकडणारी मंडळीही परदेशी निघालीयत आणि मुरबाडला वीकेंड होम घेतलेली जोडपीही. शहापूर-मुरबाडकडे कुत्रा पाळणं हा काही शौक नसतो. तो अंगणात असतोच!

माझ्या शहापूरच्या मैत्रिणीचा वाघ्या असाच. अस्सल गावठी, एक कान उभा, एक पडलेला. तिला सहा आठवड्यांत म्युनिकला जॉईन व्हायचं होतं. कागद चाळायला मी तिच्यासोबत बसले. वाघ्याची फाइल म्हणजे लसीकरणाचं एक कार्ड. रेबीजची लस वेळेवर, शिक्का-सही जागच्या जागी. तरीही युरोपियन युनियनच्या हिशेबात हे कार्ड शून्य! कारण वाघ्याच्या अंगात मायक्रोचिपच नव्हती.

आधी चिप, मग लस

चिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू, मानेजवळ कातडीखाली सुईनं बसवतात. तिच्यात १५ आकडी नंबर असतो. नियम असा की आधी चिप (किंवा त्याच दिवशी), मग रेबीजची लस. लॉजिक सरळ आहे. नंबरच नसेल, तर लस याच कुत्र्याला दिली हे कशावरून?

लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं. ते मान्यताप्राप्त लॅबमध्ये जातं आणि रेबीजविरोधी अँटिबॉडीज मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय युनिट भराव्या लागतात. रिपोर्ट चांगला आला तरी रक्त घेतल्याच्या तारखेपासून ३ महिने थांबायचं. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यावर लक्षणं दिसायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून हा वेळ. भारतात रेबीज अजून आहे, त्यामुळे आपल्याकडच्या कुत्र्या-मांजरांना यातून सूट नाही.

बेरीज करा. एक महिना अधिक तीन महिने. म्हणजे कमीत कमी चार महिने, आणि मैत्रिणीकडे होते सहा आठवडे. गणित पहिलीतलं होतं, पण ती रडली.

मधला मार्ग

शेवटी ती पुढे गेली, वाघ्या आईकडे राहिला. तालुक्याच्या ठिकाणी डॉक्टरांकडे गाई-म्हशीच जास्त येतात, त्यामुळे चिप आणि टेस्टची सोय आहे का, हे आधी फोन करून विचारलेलं बरं. उन्हाळ्यात मुंबईपर्यंतची एक फेरी तरी वाचते.

आईंनी तेवढ्यात एक शहाणपणाची गोष्ट केली. वाघ्याची भाकरी रोज विमानाच्या क्रेटमध्येच ठेवायला लागल्या. जन्मात साखळी न पाहिलेल्या कुत्र्याला ही सवय लागायला महिने लागतात. क्रेटमध्ये त्याला उभं राहता, वळता आणि ऐसपैस आडवं होता आलं पाहिजे. झोपेचं औषध देऊन पाठवू म्हणाल, तर बऱ्याच एअरलाइन्स असं जनावर घेतच नाहीत.

निघण्याआधी मुंबईत केंद्र सरकारच्या ॲनिमल क्वारंटाइन अँड सर्टिफिकेशन सर्व्हिसेसच्या कार्यालयातून हेल्थ सर्टिफिकेट घ्यायचं. युरोपात शिरण्यासाठी ते फक्त १० दिवस चालतं. शिवाय मालक आणि प्राणी यांच्या प्रवासात ५ दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं, तर सगळं व्यापारी आयातीच्या नियमांत जातं. म्हणून त्याला न्यायला मैत्रिणीनं स्वतः रजा टाकली.

देश बदलला, नियम बदलला

ब्रिटन: युरोपसारखंच. वर कुत्र्याला पोहोचण्याआधी २४ ते १२० तासांत टेपवर्मचं औषध.

अमेरिका: १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक. कुत्रा किमान ६ महिन्यांचा हवा, चिप हवी. भारत 'हाय-रिस्क' यादीत आहे. त्यामुळे इथे लस घेतलेल्या कुत्र्यासाठी सीडीसीकडे नोंदलेल्या केंद्रात आधी बुकिंग लागतं. मान्य रक्तचाचणी नसेल, तर २८ दिवस क्वारंटाइन.

जपान: रेबीजच्या दोन लसी, रक्तचाचणी, मग १८० दिवसांची वाट.

ऑस्ट्रेलिया: भारतातून थेट नेताच येत नाही. आधी मान्य देशात मुक्काम, मग पुढे. कुणाचं नाव मोठं म्हणून सूट नाही. २०१५ मध्ये जॉनी डेपचे दोन छोटे कुत्रे विनापरवाना तिथे उतरले, तेव्हा मंत्र्यांनी 'परत न्या, नाहीतर मारून टाकू' असं जाहीर सांगितलं होतं!

मुरबाडच्या एका जोडप्यानं मात्र न नेण्याचा निर्णय घेतला. ऑस्ट्रेलियाचा पीआर आलेला आणि रिट्रीव्हर अकरा वर्षांची. तिच्या उरल्या वर्षांतले इतके महिने तिसऱ्या देशात आणि पिंजऱ्यात घालवणं त्यांच्या मनाला पटेना. घर सांभाळणाऱ्या काकांकडे ती राहिली. दर महिन्याला खर्चाचे पैसे येतात, रविवारी व्हिडिओ कॉल येतो. 'सोडून गेले' असं त्यांना कुणी म्हणू नये, असं मला वाटतं. त्यांनी आधी तिचा विचार केला, मग स्वतःचा.

तेव्हा दोस्तहो, लेटरची वाट बघू नका. पुढची रेबीजची लस द्यायला जाल, तेव्हा आधी चिप बसवून घ्या. लस चुकू देऊ नका, नाहीतर चाचणी पुन्हा पहिल्यापासून. पासपोर्ट काढताना तरी कुठल्या देशात जायचं, हे कुठे ठरलेलं असतं?