‘सेशन एक्स्पायर्ड’ म्हणजे नेमके काय?

आखाजी जवळ आली की उधना, लिंबायत, डिंडोलीतल्या घराघरांत नंदुरबार, अमळनेर, जळगावच्या तिकिटांची धावपळ सुरू होते. माहेरी जाणाऱ्या लेकी, सोबत मुले, आणि शेवटचा आधार तत्काळचा: वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता, इतर वर्गांसाठी ११ वाजता. सगळ्यांची नावे, वये भरून होतात आणि पैसे भरायच्या वेळी पडद्यावर येते ‘सेशन एक्स्पायर्ड’. नेट गेले असे आपल्याला वाटते. नेट बहुधा ठीकच असते.

वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालते, त्यांत आठवण ठेवण्याची सोयच नाही. प्रत्येक पान मागताना आपण सर्व्हरला अनोळखीच असतो. मागच्या पानावर आजींचे नाव कोणी भरले, हे त्याला आपोआप कळत नाही. यावर १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी ‘कुकी’चा उपाय काढला. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर बिल्ला मिळतो, तसेच हे. लॉगिन केले की सर्व्हर एक लांबलचक, कोणाला अंदाज करता येणार नाही असा क्रमांक देतो. ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक पानाच्या वेळी दाखवतो. गाडी, तारीख, प्रवासी यांची नोंद बहुतेक ठिकाणी सर्व्हरच्या वहीत, त्या क्रमांकापुढे असते. या नोंदीलाच सेशन म्हणायचे.

काही वेळ हालचाल दिसली नाही, तर सर्व्हर ही नोंद पुसतो. त्रासदायक वाटले तरी ते योग्यच आहे, कारण बिल्ला ज्याच्या हाती, तोच सर्व्हरच्या लेखी खातेदार! सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर नुसता टॅब बंद करून उठलात, तर बिल्ला तिथेच राहू शकतो. लॉगआउट केले की सर्व्हर वहीतली नोंदच रद्द करतो, मग तो क्रमांक कोणाच्याही कामाचा उरत नाही.

एकाच ब्राउझरमध्ये दोन टॅब उघडले तरी बिल्ला एकच असतो. म्हणून एकीकडे जळगाव आणि दुसरीकडे नंदुरबार चालवले, की नोंदींची सरमिसळ होऊ शकते. बुकिंगच्या मध्येच ‘बॅक’ दाबण्याचेही तेच.

आयआरसीटीसीच्या खात्यात ‘मास्टर लिस्ट’ची सोय आहे. त्यात घरच्यांची नावे आदल्या दिवशीच भरून ठेवावीत. ती यादी खात्यात राहते, सेशनमध्ये नाही. त्यामुळे पुन्हा लॉगिन करावे लागले, तरी नावे टंकत बसावे लागत नाही.