क्रूझ समजून घेताना – भाग ७ : जेवण कुणाचं चांगलं?

केबिन निवडून झाली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. कार्निव्हलचं जेवण बरं की रॉयल कॅरिबियनचं? नॉर्वेजियनवर वेटर हरवतात हे खरं का? एमएससीवर पाण्यालाही पैसे पडतात म्हणे? यावर साक्षीदार भरपूर मिळतात, पण एकाची साक्ष दुसऱ्याशी जुळत नाही. एकाच जहाजावरून एकाच दिवशी उतरलेल्या दोन कुटुंबांपैकी एक म्हणतं ‘राजेशाही थाट होता’ आणि दुसरं म्हणतं ‘शेवटी शेवटी केळी खाऊन राहिलो’. दोघंही खोटं बोलत नसतात. म्हणून चवीचं नंतर पाहू, आधी जमाखर्च उघडू.

कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन हे तिन्ही समूह अमेरिकेच्या शेअर बाजारात नोंदलेले आहेत. त्यामुळे अन्नावर किती पैसे गेले आणि एकूण किती प्रवाशांनी किती दिवस जहाजावर काढले, हे दोन्ही आकडे त्यांना दरवर्षी जाहीर करावे लागतात. एकाला दुसऱ्याने भागायचं, बस्स. २०२३च्या अहवालांवरून हा भागाकार केला तर कार्निव्हल समूहाचा खर्च माणशी रोज साधारण साडेचौदा डॉलर येतो, रॉयल कॅरिबियनचा साडेसोळाच्या आसपास, आणि नॉर्वेजियनचा या दोहोंच्या मधे. म्हणजे आपले बारा-चौदाशे रुपये. त्यात सकाळचा नाश्ता, दोन वेळचं जेवण, मधल्या वेळचं खाणं, मध्यरात्रीचा पिझ्झा असं सगळं आलं. शिवाय रॉयल आणि नॉर्वेजियन स्पष्टच सांगतात, की या रकमेत कर्मचाऱ्यांचं जेवणही धरलेलं आहे. हे आकडे अख्ख्या समूहाचे आहेत, एकेका कंपनीचे नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. कार्निव्हल समूहात प्रिन्सेस, हॉलंड अमेरिका, कोस्टा आणि क्युनार्डही येतात. नॉर्वेजियन समूहात ओशॅनिया आणि रीजंट या महागड्या कंपन्या आहेत. तरीही कल पुरेसा स्पष्ट आहे. जाहिरातींत कितीही अंतर दिसलं तरी भाजी-मटणाच्या बिलात या कंपन्यांमध्ये माणशी रोज दोन डॉलरचा फरक आहे.

म्हणून ‘अमक्या कंपनीचं जेवण तमक्यापेक्षा दुप्पट चांगलं’ असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्यावं आणि सोडून द्यावं. खरा फरक पडतो तो हे पंधरा डॉलर दिवसातल्या कुठल्या वेळेवर खर्च केले आणि वाढायला माणसं किती ठेवली, यात.

कार्निव्हलपासून सुरुवात करू. टेड एरिसन यांनी १९७२ साली एक जुनं जहाज घेऊन ही कंपनी काढली. जहाजाचं नाव ‘मार्डी ग्रा’. पहिल्याच सफरीत ते मायामी बंदराच्या तोंडाशीच वाळूत रुतलं. तेव्हापासून या कंपनीचं गिऱ्हाईक मजा करायला येणारं, चड्डी-बनियनवर डेकवर फिरणारं मध्यमवर्गीय अमेरिकी कुटुंब आहे, आणि कंपनीचा पैसाही त्याच डेकवर खर्च होतो. टीव्हीवरचे प्रसिद्ध शेफ गाय फिएरी यांच्या नावाचा बर्गरचा ठेला २०११पासून यांच्या जहाजांवर आहे, आणि तो फुकट आहे. शेजारी मेक्सिकन टाको मिळतात, पिझ्झा चोवीस तास चालू असतो. काही जहाजांवर तर डेकच्या मागच्या टोकाला तंदूर आहे. दुपारच्या खाण्यात या वर्गातली दुसरी कुठलीही कंपनी कार्निव्हलच्या पुढे नाही, असं माझं मत आहे. रात्रीच्या मुख्य भोजनगृहात मात्र गर्दी आणि घाई जाणवते.

रॉयल कॅरिबियनचा जोर भव्यतेवर आहे, आणि त्या नादात एकदा तिने मुख्य भोजनगृहच रद्द करून पाहिलं होतं. जहाजावरचं रात्रीचं जेवण म्हणजे मुळात लग्नातल्या पंगतीसारखं. पहिली पंगत सहाच्या सुमाराला, दुसरी आठच्या, टेबल ठरलेलं आणि वाढपीही ठरलेला. २०१४ साली ‘क्वांटम ऑफ द सीज’ हे नवंकोरं जहाज आलं तेव्हा कंपनीने ही पद्धत मोडली. एका मोठ्या दालनाऐवजी चार लहान भोजनगृहं केली, प्रत्येकाचा वेगळा थाट, वेगळे पदार्थ, आणि रोज कुठे जेवायचं ते प्रवाशाने आधी नोंदवायचं. कागदावर कल्पना झकास होती. प्रत्यक्षात नोंदणीचा गोंधळ झाला, दारांशी रांगा लागल्या. शिवाय रोज नवा वेटर, त्यामुळे आईला जेवणानंतर गरम पाणी लागतं हे दररोज नव्याने सांगणं आलं. दोनेक वर्षांत कंपनीने मुकाट्याने जुनी पंगत परत आणली. प्रवासी ज्याला ‘चांगली सेवा’ म्हणतो त्यात ओळखीचा भाग किती मोठा असतो, ते या फसलेल्या प्रयोगातून कळतं.

नॉर्वेजियनने नेमका हाच धोका २०००पासून पत्करला आहे. वेळ ठरलेली नाही, टेबल ठरलेलं नाही, कोट-टायची सक्ती नाही. वाटेल तेव्हा, वाटेल तिथे जेवा. ही मोकळीक पुढे बाकीच्यांनीही थोडीफार उचलली. त्याची किंमत अशी, की आठवडाभरात तुमचं नाव माहीत असलेला वेटर तुम्हाला भेटेलच असं नाही. एकटे किंवा जोडीने जाणाऱ्यांना याचं काही वाटत नाही. आजी-आजोबा, नातवंडं आणि तीन वेगवेगळी पथ्यं घेऊन निघालेल्या कुटुंबाला वाटतं.

डिस्नेने यावर फार हुशार तोडगा काढला. १९९८ साली त्यांचं पहिलं जहाज निघालं तेव्हापासून प्रवासी रोज वेगळ्या भोजनगृहात जातात आणि वेटर त्यांच्याबरोबर फिरतो. जागा नवी, माणूस तोच. पण डिस्नेचं भाडं बाकीच्यांच्या कितीतरी वर असतं, त्यामुळे तिला या तुलनेत बसवणं जरा अन्यायाचंच.

एमएससीची गोष्ट निराळी आहे. ही मूळची मालवाहू कंटेनरची कंपनी, कुटुंब इटालियन, मुख्यालय जिनिव्हाला. पिझ्झा आणि पास्ता उत्तम असतो, त्यात वाद नाही. भूमध्य समुद्रातल्या त्यांच्या बहुतेक सफरींत एक तुकडी जेनोआला चढते, दुसरी मार्सेला, तिसरी बार्सिलोनाला. म्हणजे रोज कुणाचा तरी पहिला दिवस आणि कुणाचा तरी शेवटचा. सूचना चार-पाच भाषांतून होतात. पाण्याचा मुद्दाही खरा आहे. युरोपातल्या सफरींत भोजनगृहात टेबलावर बाटलीबंद पाणी येतं आणि त्याचे पैसे लागतात. कोस्टावरही हीच रीत आहे. युरोपातल्या हॉटेलांत असंच चालतं म्हणून तिथल्या लोकांना त्यात वावगं वाटत नाही. आपल्या माणसाला मात्र जेवताना पाणी विकत घ्यायचं म्हटलं की घास अडकतो.

आता वाढणाऱ्या हातांची मोजणी. कंपन्या प्रवाशांची आणि कर्मचाऱ्यांची संख्या जहाजागणिक जाहीर करतात. एका केबिनमध्ये दोन माणसं असं धरून रॉयल कॅरिबियनच्या ‘आयकॉन ऑफ द सीज’वर ५,६१० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी, म्हणजे एकामागे सुमारे २.४ प्रवासी. कार्निव्हलच्या नव्या ‘मार्डी ग्रा’वर हे प्रमाण जवळजवळ ३ आहे, नॉर्वेजियनच्या ‘प्रिमा’वर २च्या थोडं वर, ‘डिस्ने विश’वर अवघं १.६. कार्निव्हलच्या भोजनगृहातल्या घाईचं उत्तर बरंचसं या आकड्यात आहे. अर्थात सगळे कर्मचारी वेटर नसतात. आयकॉनवर बर्फावरचे स्केटिंगवाले आणि पाण्याच्या घसरगुंड्यांवरचे जीवरक्षकही याच मोजणीत येतात. आणि आणखी एक गोष्ट दलाल कधी सांगत नाहीत. सुट्टीच्या दिवसांत बऱ्याच केबिनमध्ये दोनाऐवजी चार माणसं असतात. आयकॉन तेव्हा ७,६०० प्रवासी घेऊ शकतं, कर्मचारी मात्र तेवढेच. प्रमाण ३.२वर जातं. फेब्रुवारीतली आयकॉन आणि जुलैतली आयकॉन ही सेवेच्या बाबतीत दोन वेगळी जहाजं समजावीत. सुरुवातीच्या त्या दोन कुटुंबांच्या साक्षी न जुळण्याचं कारणही साधंच असतं. एक पहिल्या पंगतीला जेवत होतं, दुसरं बुफेत ऐन गर्दीच्या वेळी पोचत होतं.

हे हात कुणाचे? मुख्यतः फिलिपिन्स, इंडोनेशिया आणि भारत. भारतात त्यातही गोवा. ब्रिटिशांच्या पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर गोव्याचे स्वयंपाकी आणि स्टुअर्ड पिढ्यान्‌पिढ्या जात आले. मुंबईत धोबीतलावाच्या आसपास गावोगावच्या तारवटींचे, म्हणजे बोटीवर काम करणाऱ्यांचे, ‘कूड’ (सामाईक वसतिगृहं) उभे राहिले ते बोटीची वाट पाहणाऱ्यांसाठीच. आज गोव्यातल्या सासष्टीत ‘मुलगा बोटीवर आहे’ असं कुणी म्हणालं तर बहुधा तो क्रूझवरच असतो. करार सहा ते नऊ महिन्यांचा, आठवड्याचे सातही दिवस काम, आणि आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती. उरलेले तास कसे जात असतील ते वेगळं सांगायला नको.

वेटर आणि केबिन सफाई करणाऱ्यांच्या कमाईचा मोठा हिस्सा टिपेचा असतो. अमेरिकी कंपन्या ती माणशी रोज सोळा ते वीस डॉलरच्या दरम्यान आपोआप बिलात लावतात. चौघांच्या आठवड्याच्या सफरीत ही रक्कम साडेचारशे-पाचशे डॉलरांवर जाते, तेव्हा भाड्यांची तुलना करताना ती धरूनच करा. उतरताना काउंटरवर जाऊन ती काढून टाकणारे लोक आहेत, त्यात आपलेही आहेत. मला हे अजिबात पटत नाही. सेवा आवडली नसेल तर तक्रार जरूर करावी, पण सात दिवस ताट उचलणाऱ्याच्या खिशातून सवलत काढू नये. खरा राग कंपनीवर यायला हवा. २०२२-२३ मध्ये रॉयल कॅरिबियन आणि नॉर्वेजियन दोघींनीही साध्या केबिनची सफाई दिवसातून दोनदाऐवजी एकदाच केली. टिपेचा दर मात्र त्या हिशेबाने खाली आला नाही.

आता पैशांची दुसरी बाजू. या समूहांच्या उत्पन्नातला जवळपास एक तृतीयांश भाग तिकिटातून येत नाही. तो जहाजावरच्या दारू, जुगार, सहली, इंटरनेट आणि पैसे देऊन जेवायच्या भोजनगृहांतून येतो. स्टेकच्या एका जेवणाचे पन्नास-साठ डॉलर आणि वर अठरा-वीस टक्के सेवाशुल्क. आता तुम्हीच सांगा, फुकटचं मुख्य जेवण अप्रतिम करण्यात कंपनीचा काय फायदा? ते वाईट नसावं, पण तिसऱ्या रात्री कंटाळा यावा इतपत साधं असावं, हे तिच्या सोयीचं आहे. गेल्या काही वर्षांत मुख्य भोजनगृहातली पदार्थांची यादी आखूड होत गेली आणि शेजारच्या महागड्या दारांची संख्या वाढत गेली, हा निव्वळ योगायोग मी मानत नाही. म्हणून कंपन्यांची तुलना करायची तर मुख्य भोजनगृहातल्या पाचव्या रात्रीच्या जेवणाची करा. तिकिटाच्या पैशांत तुम्ही तेच विकत घेतलेलं असतं.

स्वच्छतेबद्दल थोडक्यात. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजांची तिथलं रोगनियंत्रण केंद्र न सांगता तपासणी करतं. हा उपक्रम १९७०च्या दशकातला आहे. शंभरापैकी गुण, ८५ किंवा खाली म्हणजे नापास, आणि प्रत्येक जहाजाचा निकाल जाहीर होतो. बुफेच्या दाराशी हातावर औषध फवारत ‘वॉशी वॉशी’ गाणारा कर्मचारी भेटला तर हसून पुढे सटकू नका, आत जाऊन साबणाने हातही धुवा. पोटाची नोरोव्हायरसची साथ नुसत्या जंतुनाशक जेलला दाद देत नाही.

शाकाहारी वाचकांसाठी बातमी बरी आहे. कार्निव्हलच्या मुख्य भोजनगृहात रोज रात्री एक भारतीय शाकाहारी पदार्थ असतो. तो यादीत छापलेलाच असतो, वेगळा मागावा लागत नाही. रॉयल कॅरिबियनवर पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला सांगून ठेवलं तर दुसऱ्या दिवसापासून वरण-भाताच्या जवळपास जाणारं काही मिळतं. स्वयंपाकघरात भारतीय हात असला तर त्याहूनही बरं. मुंबईहून सुटणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझवर जैन जेवणाची वेगळी सोय आहे. भूमध्य समुद्रात एमएससी किंवा कोस्टाने जाणार असाल तर पास्ता-पिझ्झावर आठवडा निघेल, पण कांदा-लसूण वर्ज्य असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. दलालाच्या ‘हो हो, सगळं मिळतं’वर विसंबू नका.

मला कुणी निवडायला सांगितलं तर म्हाताऱ्या आई-वडिलांसाठी मी ठरलेल्या टेबलाची, पहिल्या पंगतीची रॉयल कॅरिबियन घेईन, तीही शाळांच्या सुट्ट्या टाळून. तरुण मित्रमंडळींना कार्निव्हल पुरेशी आहे, आणि वेळापत्रकाची चीड असणाऱ्या जोडप्याला नॉर्वेजियन. सुट्टीची गर्दी टाळायची तर सिंगापूरहून जाणाऱ्यांनी जूनमधल्या तिथल्या शाळांच्या सुट्ट्या आधी तपासाव्यात. जहाजाचं नाव हाती आलं की त्याची प्रवासीसंख्या आणि कर्मचारीसंख्या शोधून भागाकार करा. उत्तर ३च्या वर आलं तर पहिली पंगत मिळते का ते विचारा, आणि नाही म्हणाले तर दुसरं जहाज पाहा.

पुढच्या आठवड्यात किनाऱ्यावरच्या सहली : कंपनीकडून घ्याव्यात की स्वतः कराव्यात?